साहेबांचं पथ्य

आमच्या घरात आजवर दोघांनाच डॉक्टरांनी लेखी पथ्य दिलं. एक माझे सासरे आणि दुसरा आमच्या मुलीचा पक्षी. सासऱ्यांचा कागद फ्रिजच्या दारावर दहा वर्षांपासून चिकटलेला आहे आणि त्यांनी तो कधी वाचल्याचं मला तरी आठवत नाही. पक्ष्याला वाचताच येत नाही. त्यामुळे त्याचं पथ्य सांभाळायची जबाबदारी आम्हा शिकल्यासवरल्या माणसांवर आली, आणि आम्ही ती कशी पार पाडली ते सांगण्यासारखं आहे.

पक्षी मुलीचा. यवतमाळला कॉलेजात असताना तिनं तो एका मैत्रिणीकडून आणला. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालांवर टिकलीएवढे दोन केशरी गोल आणि डोक्यावर तुरा. परदेशी पोपटाची एक जात असते, दुकानदार तिला ‘कॉकटेल’ म्हणतात. ‘आमच्याकडे कॉकटेल आहे’ असं मुलीनं दिग्रसच्या आमच्या गल्लीत कौतुकानं सांगितलं, तेव्हा दोन-तीन शेजाऱ्यांनी संध्याकाळी येऊन माझ्या नवऱ्याची फार आपुलकीनं चौकशी केली होती.

पुढं मुलीला पुण्यात नोकरी लागली. तिथल्या घरमालकाला पक्षी चालत नव्हता. “फक्त सहा महिने सांभाळ, आई,” असं म्हणून ती पिंजरा ठेवून गेली. तिसरं वर्ष लागल्यावर मी महिने मोजणं सोडून दिलं.

नवरा त्याला साहेब म्हणायचा. उशिरा उठायचं, उठल्याबरोबर तुरा उभारून सगळ्यांवर ओरडायचं, काम काही करायचं नाही आणि खाण्याची वेळ मात्र चुकू द्यायची नाही, हे सगळं पाहता दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या उतरवून घेण्याचं काम पाहतो, त्याला साहेब लोकांची पारख आहे.

साहेबांचा आहार मुलीनं ठरवून दिला होता. सूर्यफुलाच्या बिया. सकाळी वाटी भरायची, संध्याकाळी टरफलं फुंकून पुन्हा भरायची. याशिवाय संध्याकाळी नवऱ्याच्या खांद्यावर बसून चहात बुडवलेलं बिस्कीट, शेवेच्या चार काड्या, शनिवारी पापडाचा तुकडा. संक्रांतीत तिळाची वडीही खाऊन झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पोरांच्या ताटात डाळ किती, भाजी किती, हे मी रोज डोळ्यांनी तपासते. कोणाला खिचडीत गाजर दिसलं नाही तर मी स्वयंपाकिणीला विचारते. घरी मात्र एक जीव तीन वर्षं बिया आणि शेवेवर जगतो आहे, यात मला काहीच वावगं दिसलं नव्हतं. उलट ‘आमच्याकडचा पक्षी कसा गुबगुबीत आहे’ असं मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे.

संक्रांतीनंतर तो उडेनासा झाला. खांद्यावरून सोफ्यावर उतरायचं म्हटलं तरी दगडासारखा पडायचा. चोच लांबून खाली वळली आणि तिचे पापुद्रे निघू लागले. विष्ठेत हिरवट-पिवळा रंग दिसू लागला. मग एका सकाळी तो दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी, कोपऱ्यात, सगळी पिसं फुलवून बसला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होत होती. मी चहा टाकायला उठले होते. चहा तसाच राहिला.

दिग्रसच्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा आमच्या पुढं एक गाय, तीन बकऱ्या आणि एक बैल होता. बैलवाल्या म्हाताऱ्यानं पिंजऱ्यात वाकून पाहिलं.

“हे काय होय जी?”

“पक्षी आहे. आजारी आहे.”

“याले कायले आणलं दवाखान्यात? सोडून द्या ना झाडावर. बरा होते आपोआप.”

मी म्हटलं, मग तुमचा बैलही द्या सोडून. त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला गप्प बसावं लागलं. बैलाची गोष्ट वेगळी होती, हे मलाही कळत होतं.

तिथले डॉक्टर प्रामाणिक निघाले. त्यांनी साहेबांना हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, मी तुम्हाला खोटं सांगत नाही. आम्हाला पक्षी म्हणजे कोंबडी शिकवली. याला मी कोंबडीचं औषध देऊ शकतो, पण हा कोंबडी नाही एवढं मला नक्की कळतं. यवतमाळला घेऊन जा.” गेल्या कित्येक वर्षांत मी ऐकलेलं हे सगळ्यांत अक्कलहुशारीचं वाक्य होतं. पुढच्या दोन महिन्यांत मला जे तज्ज्ञ भेटले, त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून ते निघालं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली. नवऱ्यानं जिनिंगवर फोन करून घरात आजारपण असल्याचं कळवलं. कोण आजारी, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. सासऱ्यांनीही सोबत यायचं ठरवलं. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, उमरखेडच्या रस्त्यावर त्यांची उमर गेली. आता वय अठ्ठ्याहत्तर, शुगर चढलेली, ऐकू कमी येतं, पण यवतमाळची बस म्हटलं की ते आधी चप्पल घालतात. पक्ष्याबद्दल त्यांना काडीचंही प्रेम नव्हतं. “घरात दोन पेशंट हायेत, अन् एकाचेच लाड चालू हायेत,” असं ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं देवाला सांगत असत.

बसमध्ये कंडक्टरनं पिंजऱ्याकडे पाहून विचारलं, “कोंबडी हाय काय?”

“नाही. पोपटासारखाच आहे. परदेशी.”

“मंग पासपोर्ट दाखवा त्याचा,” असं म्हणून तो स्वतःच हसला आणि पुढच्या प्रवाशाकडे गेला. अडीच तास मी पिंजरा मांडीवर धरून, ओढणीनं वारा अडवून बसले होते. पलीकडच्या बाईनं विचारलं, “लेकराले काय झालं?” मी ओढणी बाजूला केली. तिनं बराच वेळ पाहिलं आणि मग खिडकीकडे तोंड फिरवलं. दारव्हा येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

यवतमाळच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांच्याकडे कुत्र्यांचीच गर्दी होती, पण पक्ष्यांचं त्यांनी वेगळं शिक्षण घेतलं होतं. त्यांनी साहेबांना आधी वजनकाट्यावर ठेवलं. एकशे सत्तावीस ग्रॅम. मग रुमालात गुंडाळून आडवं धरलं, पोटावरची पिसं ओल्या कापसानं बाजूला केली आणि आम्हाला जवळ बोलावलं. कातडीखाली पिवळं, लोण्यासारखं काहीतरी दिसत होतं.

“ही चरबी. आणि हा काळपट भाग दिसतो ना, ती वाढलेल्या यकृताची कड. फॅटी लिव्हर आहे. रक्त तपासायला पाठवते, पण मला फार शंका नाही. काय खातो?”

“सूर्यफुलाच्या बिया,” मी म्हटलं. “पौष्टिक असतात ना?”

“तुम्ही तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ फरसाण खाल्लं तर?”

नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. तो फरसाणच खातो.

मग त्यांनी कागदावर पथ्य लिहून दिलं. बिया हळूहळू बंद. पक्ष्यांच्या खाण्याच्या तयार गोळ्या मिळतात त्या सुरू करायच्या. सोबत मोड आलेले मूग, ज्वारी, राळा, किसलेलं गाजर, कोहळं, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. मीठ, तेल, साखर, चहा, चॉकलेट पूर्ण बंद. ॲव्होकाडो तर अजिबात द्यायचा नाही, तो पक्ष्यांना विषासारखा असतो.

“थे काय असते?” नवऱ्यानं विचारलं.

दिग्रसच्या बाजारात ते फळ मी आजतागायत पाहिलेलं नाही. त्यामुळे एकूण पथ्यातला निदान एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून काटेकोरपणे पाळला, याचा मला अभिमान आहे.

“एकदम बदलू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “याला हे खाणं आहे हेच कळणार नाही. समोर वाटी भरलेली असून उपाशी मरेल. सकाळी नवीन द्या, संध्याकाळी मोजून थोड्या बिया. रोज वजन करा, लिहून ठेवा. फार झपाट्यानं उतरलं तर मला फोन करा.” चोच घासून त्यांनी नीट केली, पिण्याचं औषध दिलं. सासऱ्यांनी येताना बसस्टँडवर भजी मागितली. मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलं ऐकलंत ना. ते म्हणाले, “थे त्याले सांगतलं, मले नाही.”

घरी आल्यावर मी चूक केली. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं की पक्षी आजारी आहे आणि त्याचा आहार बदलायचा आहे. संध्याकाळपर्यंत मला कळलं की आमच्या केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकाचा पक्ष्यांवर गाढा अभ्यास आहे. गणिताच्या सरांनी जवस द्यायला सांगितलं. पीटीच्या सरांनी जवसानंच यकृत बिघडतं म्हणून करडई सुचवली. एका बाईंनी हळदीचं पाणी, दुसरीनं कोरफड. एकांनी घरात पक्षी आजारी पडला म्हणजे दुसऱ्या कोणावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं असं समजावं, आणि आनंद मानावा, असं लिहिलं. त्यांनी कोणावरचं ते लिहिलं नाही. मी इंटरनेटवर पाहिलं तर तिथे पक्ष्यांचे गुरू बसलेले. एका व्हिडिओतला माणूस शपथेवर सांगत होता की सगळं कच्चंच द्या. दुसरा सांगत होता की कच्चं दिलं तर पक्षी दगावतो. तिसऱ्यानं स्वतःच्या कंपनीचं चूर्ण विकायला काढलं होतं. तिघांच्याही मागच्या पिंजऱ्यात असलेले पक्षी मला जरा उदासच वाटले.

मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर यायची आणि पुण्यातून हुकूम सोडायची. तिला आजाराचं काही कळवलं नव्हतं, बियांसोबत आता भाज्याही देतो एवढंच सांगितलं होतं. “आई, ऑरगॅनिकच दे हं.” बाजारात मी भाजीवालीला विचारलं, फवारा मारलेला आहे का. ती म्हणाली, “मारला नाई तं कीड खाते, मारला तं तुमी खात नाई. आता मी काय करू बाई?” तिचं म्हणणं रास्त होतं. आमच्या भागात कापसाच्या दिवसांत कशावर काय उडून बसतं ते कोणालाच सांगता येत नाही. शेवटी गच्चीवर जुन्या टबांत मी कोथिंबीर आणि लाल माठ पेरला. आमच्या तिघांसाठी इतकी वर्षं बाजारातली भाजी चालत होती, हा विचार मनात आला, पण मी तो लवकर झटकला.

गोळ्या कुरिअरनं आल्या. साहेबांनी त्या एकेक करून चोचीत उचलल्या आणि पाण्याच्या वाटीत टाकल्या. गाजराचा कीस अंगावरून झटकून भिंतीवर उडवला. मुगाकडे तुरा उभारून पाहिलं आणि फुत्कार टाकला. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. दिवसभर पिंजऱ्याच्या गजांना चोच घासत माझ्याकडे पाहत बसायचा. संध्याकाळच्या चमचाभर बिया दिसल्या की त्याचे पाय थरथरायचे.

वजन मात्र उतरेना. मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी स्वयंपाकाच्या काट्यावर वाटीत बसवून ते वहीत लिहायची. एकशे सत्तावीस, एकशे सव्वीस, पुन्हा सत्तावीस. तीन आठवड्यांनी एकशे एकोणतीस. नवीन काही खात नाही, बिया चमचाभर, आणि वजन वाढतं. मी ठरवलं की घरात कोणीतरी चोर आहे.

संशय अर्थातच सासऱ्यांवर. दिवसभर घरी तेच, पिंजरा त्यांच्याच खुर्चीशेजारी. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी शेंगदाणे असत, ज्यांची त्यांना मनाई होती. मी त्यांना सरळच विचारलं. “मामाजी, तुम्ही याला काही देता का?”

“नाही जी.”

“खरं सांगा. त्याच्या जीवाचा प्रश्न आहे.”

“मले जे खाऊ देत नाई, थे त्याले कायले देऊ?” ते म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

माझा विश्वास बसला नाही. दोन दिवस त्यांच्याशी मी कामापुरतंच बोलले. नवराही त्यांना म्हणाला, “बाबा, पापड-बिस्कीट देऊ नोका त्याले, डॉक्टरीणबाई रागावल्या.” फार कडक शब्दांत म्हणाला. इतक्या कडक शब्दांत तो वडिलांशी कधी बोलत नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

महिन्यानं आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी माझी वही पाहिली, पक्षी पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “घरात कोणीतरी याला खायला घालतंय.”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. नवऱ्यानंही सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे आम्हा दोघांकडे पाहत होते.

“मला नाव नकोय,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मला हे माहीत पाहिजे की काय आणि किती. नाहीतर औषधाचा उपयोग नाही. यकृत याच वेगानं बिघडलं तर दिवाळी पाहणार नाही तो.”

बाहेर एक कुत्रं विव्हळत होतं. मग नवरा घसा साफ करून म्हणाला, “मी देतो. संध्याकाळी, बिस्कीट. अर्धंच. लय ओरडते हो तो. मी जिनिंगवरून आलो का गजाले लटकून पायते माह्याकडे. दिवसभर उपाशी हाय असं वाटते.”

“अर्ध्या बिस्किटानं एवढं होणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

आता मला बोलणं भाग होतं. मी पहाटे उठते. साहेब माझी चाहूल लागली की हळू आवाजात शीळ घालतात, दिवसभराच्या ओरडण्यापेक्षा वेगळी. तिसऱ्याच दिवशी, त्यानं मुगाला तोंड लावलं नाही तेव्हा, मी तव्यावरच्या पहिल्या पोळीला तूप-साखर लावली आणि एक तुकडा गजातून आत सरकवला. त्यानं डोळे मिटून खाल्ला. दुसऱ्या दिवशीही दिला. मग तो रोजचाच झाला. वजन मी त्यानंतर करायची. वाढलेला आकडा वहीत सुवाच्य अक्षरात लिहायची आणि सासऱ्यांशी अबोला धरायची.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. शेकडो पोरांकडून संतुलित आहाराचा तक्ता पाठ करून घेतलेली बाई मी, मान खाली घालून उभी होते. सांगताना नवऱ्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. तो मात्र एकदम मोकळा झाल्यासारखा दिसत होता.

सासऱ्यांनी मोठ्या शांतपणे विचारलं, “म्हंजे घरात मी एकटाच पथ्य पाळून राह्यलो होतो?”

“तुम्ही शुगर असून शेंगदाणे खाता,” मी म्हटलं.

“मी खातो. त्याले नाई देत.”

त्यावर डॉक्टरांना हसू आलं. मग त्यांनी खुर्ची सासऱ्यांकडे वळवली आणि मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “आजोबा, तुमचंच काम आहे. हे पक्षी थव्यात राहतात. थव्यातले बाकीचे जे खातात तेच खायचं असतं, असं ते शिकतात. याचा थवा म्हणजे तुम्ही. मुलगा बिस्कीट खातो, म्हणून याला बिस्कीट पाहिजे. तुम्ही याच्यासमोर बसून मूग खा, गाजर खा. आवडीनं खा. तुम्हालाही शुगर आहे ना?”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी पुन्हा पाहिले नाहीत. दहा वर्षं ज्या मोडाच्या मुगाला ते जनावराचं खाणं म्हणत आले, ते आता जनावरासाठी आवडीनं खायची वेळ आली होती. सगळ्यांसमोर, डॉक्टरांच्या तोंडून. नाही म्हणायची सोय नव्हती.

“आवडीनं खाल्लं पायजे काय?” त्यांनी विचारलं.

“हो. नाहीतर त्याला कळतं.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत एक कार्यक्रम सुरू झाला. सकाळी आठला, एसटीच्या वेळेवर, सासरे खुर्ची पिंजऱ्यासमोर ओढायचे. मी दोन वाट्या ठेवायची, एक आत, एक बाहेर. दोन्हींत तेच. बिनमिठाचे वाफवलेले मूग, गाजराचा कीस, वर कोथिंबीर. सासरे एक घास घ्यायचे आणि म्हणायचे, “वा, वा. काय चव हाय.” चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. साहेब मान तिरकी करून बघायचे आणि पाठ फिरवायचे.

“त्याले समजते, बाप्पा,” सासरे मला म्हणाले. “मी खोटं बोलून राह्यलो थे त्याले समजते.”

“मग खरं बोला.”

“हे खाऊन खरं कसं बोलू?”

तरी त्यांनी सोडलं नाही. तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी एकही फेरी चुकवली नाही, ते हीही चुकवेनात. काही दिवसांनी ‘वा, वा’ बंद झालं. ते नुसते खाऊ लागले. खाता खाता साहेबांशी बोलू लागले. बोलायचे काय, तर उमरखेडच्या रस्त्याचं. कुठल्या घाटात गाडी कशी बंद पडली होती, पावसात नाल्याला पूर आला तेव्हा प्रवाशांना रात्रभर शाळेत कसं ठेवलं, कुठल्या फाट्यावरचा चहा चांगला. घरात त्या गोष्टी ऐकायला कोणी बसत नव्हतं, मीही नाही. ज्याला काही कळत नव्हतं तो मात्र मान हलवत बसायचा.

नवऱ्याचं संध्याकाळचं बिस्कीट मी बंद केलं आणि माझी पहाटेची पोळी त्यानं बंद केली. आम्ही एकमेकांवर पाळत ठेवायचो. पहाटे मी स्वयंपाकघरात गेले की हा डोळे चोळत दारात उभा. इतक्या लवकर तो लग्नानंतर पहिल्यांदाच उठत होता.

पंधराएक दिवस झाले असतील. मी शाळेत होते, फोन वाजला. सासऱ्यांचा. ते स्वतःहून फोन करत नाहीत. मी वर्ग सोडून व्हरांड्यात आले.

“खाल्लं,” ते म्हणाले.

“काय खाल्लं?”

“मूग. माह्या वाटीतला. त्याच्या वाटीतला नाई, माह्या वाटीतला. मी दार उघडून बसलो होतो, तं थो खांद्यावर आला अन् हातातूनच उचलला. एक. मंग दुसरा.” आवाज बारीक झाला होता. “आता गाजर खाऊन राह्यला.”

मी व्हरांड्यातच उभी राहिले थोडा वेळ. आत पोरं मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती.

त्यानंतर साहेबांनी सगळंच एकदम स्वीकारलं असं काही झालं नाही. गोळ्यांना त्यानं पुढं तीन महिने दाद दिली नाही. मी त्या दळून भिजवलेल्या राळ्यात मिसळल्या तेव्हा कुठं पोटात गेल्या. कोहळं आजही तो भिंतीवरच टाकतो. पण ज्वारीचं कणीस पिंजऱ्यात उलटं टांगलं की तासभर त्याला लोंबकळत दाणे सोलतो. वजन हळूहळू उतरत एकशे सहावर आलं. विष्ठेचा रंग सुधारला. चोच पुन्हा वाढली नाही. पावसाळ्यात एका दुपारी तो पडवीतून उडाला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला, वळला आणि परत येऊन सासऱ्यांच्या डोक्यावर बसला. सासरे झोपले होते. जागे झाले, पण हलले नाहीत. तो उतरेपर्यंत तसेच बसून राहिले.

“यकृत पूर्ण पूर्वीसारखं होणार नाही,” डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत सांगितलं. “पण हे पथ्य पाळलंत तर बरीच वर्षं जगेल.” सासऱ्यांच्या शुगरबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मूग ते रोज खातात, शेंगदाणेही खातात.

दिवाळीला मुलगी आली. पिशव्या दारातच टाकून आधी पिंजऱ्याशी गेली. साहेबांनी तिला ओळखलं, तुरा उभा करून शीळ घातली. तिनं त्याला हातावर घेतलं आणि तिचा चेहरा पडला.

“किती वाळला गं हा. आई, तुम्ही याला नीट खायला देत नाही का?”

वर्षभर मी एक भाषण तयार करून ठेवलं होतं. शाळेतल्या फळ्यासमोर उभी असताना, बसमध्ये, भांडी घासताना मी त्याला धार लावली होती. सहा महिन्यांचं कबूल करून तीन वर्षं, सूर्यफुलाच्या बिया, पुण्यात बसून सोडलेले हुकूम, सगळं त्यात होतं. मी पदर खोचला. नवरा हळूच मागच्या दारानं निघून गेला.

तेवढ्यात मुलीनं पिशवीतून बियांचं पुडकं काढलं. खास त्याच्यासाठी आणलेलं. सासरे खुर्चीतून उठले, तिच्या हातातून ते घेतलं आणि म्हणाले, “हे त्याले चालत नाई, बाई. बस, मी तुले सांगतो.”

आणि त्यांनी सांगितलं. चरबी, यकृत, कातडीखालचं पिवळं, बिस्कीट, तूप-साखर, सगळं. स्वतःच्या मुगाचंही सांगितलं, थोडं वाढवून. मुलगी खाली बसून ऐकत होती. पक्षी तिच्या गुडघ्यावर चढून पिसं साफ करत होता.

“बियांची सवय मीच लावली,” ती मग म्हणाली. “बाकी काही दिलं की ओरडायचा. मला वाटायचं, त्याला आवडतं ते देते, म्हणजे माझं त्याच्यावर प्रेम आहे.”

मी खोचलेला पदर सोडला. भाषण तसंच राहिलं. ते पुढेही कधी उपयोगाला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मूग घेऊन पडवीत गेले तर खुर्च्या दोन मांडलेल्या होत्या. मुलगी एका खुर्चीवर बसून बिनमिठाचे मूग चावत होती. सासरे तिला सांगत होते, घास घेताना तोंड वाकडं करायचं नाही, त्याला कळतं.